घड्याळांतली १७ मिनिटे: सरफॅक्टंटनंतर मेंदूचा ऑक्सिजन घसरला तेव्हा

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका नवजात अतिदक्षता विभागातले आहे. बाळाची आणि रुग्णालयाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. क्रम, आकड्यांची दिशा आणि निर्णयाच्या जागा मात्र तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

आईचा रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून २७ आठवडे २ दिवसांवर सिझेरियन झाले. बाळाचे वजन ९२० ग्रॅम. प्रसूतीपूर्वी बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या डेक्सामेथासोनचे चारही डोस पूर्ण झाले होते आणि मॅग्नेशियम सल्फेटही मिळाले होते. जन्म सकाळी ६:५० चा. बाळ लगेच सीपॅपवर, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर ठेवले, नाभीच्या धमनीत कॅथेटर बसवला. साडेनऊपर्यंत ऑक्सिजनची गरज ५० टक्क्यांवर गेली आणि श्वास थांबण्याचे प्रसंग वाढले. ९:४० च्या एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, पीएच ७.२७ आणि कार्बन डायऑक्साइड ५४ मिमी (पाऱ्याचा दाब) होता. ९:५० ला फेंटानिल हे वेदनाशामक किलोमागे १ मायक्रोग्रॅम देऊन श्वासनलिकेत नळी घातली, १०:०५ ला सरफॅक्टंट, म्हणजे ताठ फुप्फुस मऊ करणारे औषध दिले.

बाळाच्या डोक्यावर दोन यंत्रे होती. कपाळाच्या डाव्या बाजूला निर्सचा नवजात सेन्सर लावला होता. हे यंत्र साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, लालसर आणि त्यापलीकडचा प्रकाश कवटीतून आत सोडते आणि परतलेल्या प्रकाशावरून खालच्या ऊतीतल्या हिमोग्लोबिनमध्ये किती टक्क्यांवर ऑक्सिजन आहे ते सांगते. इथे एक गोष्ट पक्की लक्षात हवी. पल्स ऑक्सिमीटर फक्त धमनीचे रक्त मोजतो. निर्सच्या आकड्यात साधारण तीन चतुर्थांश वाटा शिरांतल्या रक्ताचा असतो, म्हणजे मेंदूने आपला हिस्सा काढून घेतल्यावर उरलेल्या ऑक्सिजनचा. दुसरे यंत्र एईईजीचे. त्याचे हायड्रोजेल इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना सी-३, पी-३ आणि सी-४, पी-४ या जागांवर लावले होते आणि इम्पीडन्स (त्वचेशी जोडणीचा विद्युत विरोध) १० किलोओहमच्या खाली होता. एईईजी मेंदूच्या विद्युत लहरी गाळून, दाबून, तासाला ६ सेंटिमीटर या वेगाने पट्टीवर काढतो.

सुरुवातीची नोंद चांगली होती. पल्स ऑक्सिमीटरवर ९२, निर्सवर ७२. दोन्हींतला फरक २०, त्याला ९२ ने भागले की ०.२२ येतात. म्हणजे मेंदूपर्यंत पोचलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २२ टक्के मेंदू उचलत होता. या लेखात या आकड्याला ‘उचल’ म्हटले आहे. एईईजीवर २७ आठवड्यांना साजेशी तुटक लय होती. लहरींचे झुबके येत होते आणि दोन झुबक्यांमधली शांतता १० ते १२ सेकंदांपलीकडे जात नव्हती. पूर्ण दिवसांच्या बाळात असा तुटकपणा काळजीचा असतो, इथे तो वयाला धरून आहे.

काय बिघडले

सरफॅक्टंटने त्याचे काम चोख केले. १०:३० पर्यंत ऑक्सिजन ५० वरून २५ टक्क्यांवर आणता आला. पल्स ऑक्सिमीटर ९३, सरासरी रक्तदाब ३० मिमी, रंग गुलाबी. पलंगाशी उभे राहून पाहणाऱ्याला बाळ सुधारत असल्याचेच दिसत होते.

निर्सची रेघ मात्र १०:२२ पासून खाली सरकायला लागली. १०:२८ ला ६५, १०:३६ ला ६०. अलार्म वाजला थेट १०:४८ ला, कारण तो ५५ वर लावला होता. एईईजीवर झुबके विरळ झाले होते, मधली शांतता ३५ ते ४० सेकंदांवर गेली होती आणि पट्टीची खालची कड २ मायक्रोव्होल्टच्या आसपास उतरली होती.

निवासी डॉक्टरांनी दोन्ही पडद्यांवर मागे जाऊन वेळा पाहिल्या. एईईजी विरळ होण्याची सुरुवात त्याच्या पडद्यावर १०:१९ ला दिसत होती, निर्सची घसरण १०:२२ ला. मेंदू आधी शांत झाला आणि ऑक्सिजन नंतर उतरला, असा अर्थ निघाला. सरफॅक्टंट देताना एईईजी थोडा वेळ दबतो, हे लेना हेलस्ट्रॉम-वेस्टास आणि सहकाऱ्यांनी १९९२ सालीच नोंदवले आहे. शिवाय फेंटानिलही दिलेले होते. त्यामुळे हा औषधांचा परिणाम आहे, अर्धा तास थांबू, असे ठरले.

हा निष्कर्ष आळसातून आलेला नव्हता. हातातल्या वेळांवरून तो सरळ निघत होता. चूक वेळांतच होती.

पहिली निर्णायक जागा: उचल कोणत्या दिशेला गेली?

१०:५८ ला वरिष्ठ डॉक्टर पलंगाशी आल्या. त्यांनी अर्धा तास थांबण्याला हरकत घेतली ती एका साध्या भागाकारावरून. पल्स ऑक्सिमीटर ९३, निर्स ५२, उचल ०.४४. तासाभरापूर्वीच्या दुप्पट.

औषधाने मेंदू शांत झाला असता तर त्याची मागणी कमी झाली असती. मागणी कमी आणि पुरवठा तोच, तर शिरांत जास्त ऑक्सिजन उरतो, निर्स चढतो आणि उचल घटते. इथे एईईजी शांत असूनही उचल वाढली होती. काम कमी करणारा मेंदू दुप्पट वाटा उचलत असेल तर त्याच्यापर्यंत पोचणारे रक्तच कमी झाले आहे, एवढाच अर्थ राहतो.

दोन यंत्रे एकत्र लावण्याचा खरा उपयोग इथे आहे, म्हणून हे थोडे सविस्तर. एईईजी शांत आणि उचल घटलेली, तर झोपेचे वा वेदनाशामक औषध किंवा आधीच झालेली मेंदूची इजा डोक्यात आणावी. एईईजी शांत आणि उचल वाढलेली, तर पुरवठा तुटतो आहे: कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब, हृदयाचे काम, उघडी डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी अशी वाहिनी), हिमोग्लोबिन. एईईजीची खालची कड अचानक वर चढली आणि उचलही वाढली, तर झटका (आकडी) असू शकतो. त्यासाठी मूळ ईईजीच्या लहरी उघडून पाहायच्या, दाबलेल्या पट्टीवर भरवसा ठेवायचा नाही. एईईजी तसाच राहून फक्त निर्स पडला, तर सेन्सर, डोक्याची ठेवण किंवा नुकतीच सुरू झालेली घसरण, या तिन्ही शक्यता उघड्या असतात. हे कोष्टक सगळ्या बाळांना नेमके लागू पडत नाही. पण ‘दोन्ही आकडे वाईट आहेत’ एवढे म्हणण्यापेक्षा ते पुष्कळ पुढे नेते.

पर्याय, आणि ते का घेतले किंवा सोडले

ऑक्सिजन वाढवावा, ही सूचना सर्वांत आधी आली. पल्स ऑक्सिमीटर ९३ वर, म्हणजे ठरवलेल्या ९० ते ९५ च्या पट्ट्यात होता. ऑक्सिजन वाढवला असता तर निर्सचा आकडा दोन-चार अंकांनी चढला असता, सगळ्यांना हायसे वाटले असते आणि रक्तप्रवाह कमी तो कमीच राहिला असता. डोळ्याच्या पडद्याला धोका वेगळाच. हा पर्याय सोडला.

किलोमागे १० मिली सलाइन देण्याचा विचारही झाला. सरासरी रक्तदाब गर्भवयाच्या आकड्याहून वर, केशिका भरण्याची वेळ २ सेकंद, लघवी सुरू. पहिल्या दिवसात एवढ्या लहान बाळाला भरभर द्रव देण्याने मेंदूतल्या नाजूक वाहिन्यांवर ताण येतो. निदान हातात नसताना ते द्यायचे नाही, असे ठरले. रक्तदाब वाढवणाऱ्या डोपामिनचेही तेच.

सेन्सर आणि ठेवण तपासायला एक मिनिट पुरते, आणि ते आधी व्हायलाच हवे. मान एका बाजूला पूर्ण वळली असेल तर मानेतली शीर दाबली जाऊन आकडा बदलतो. सेन्सरची एक कड उचलली गेली किंवा फोटोथेरपीचा उजेड आत शिरला तरी बदलतो. इथे डोके मध्यरेषेत होते, सेन्सर नीट चिकटलेला होता, वर झाकण होते. सीपॅपच्या टोपीचा पट्टा सेन्सरवर दाबत नाही ना, हेही पाहायचे असते. नळी घातल्यावर टोपी काढलेली असल्याने तो प्रश्न नव्हता.

राहिला कार्बन डायऑक्साइड. तो मेंदूच्या वाहिन्या उघडतो आणि मिटतो. प्रौढांत त्याच्या १ मिमी फरकाने मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात पहिल्या दिवशी ही प्रतिक्रिया मंद असते, पण मोठी घसरण झाली तर परिणाम दिसतोच. आणि सरफॅक्टंट दिल्यानंतरच्या तासाभरात कार्बन डायऑक्साइड घसरण्याइतके अपेक्षित काहीच नाही.

११:०२ ला एबीजी केला. पीएच ७.४८, कार्बन डायऑक्साइड २७. दीड तासाच्या आत बरोबर निम्मा. हिमोग्लोबिन १५.८, साखर ६८.

हे घडले कसे

व्हेंटिलेटर दाब ठरवून देणाऱ्या मोडवर होता: वरचा दाब १८, खालचा ६, मिनिटाला ५० श्वास. सरफॅक्टंटपूर्वीच्या ताठ फुप्फुसात या १८ च्या दाबाने ३.९ मिली हवा जात होती, म्हणजे किलोमागे ४.२ मिली. फुप्फुस मऊ झाल्यावर त्याच १८ च्या दाबाने ७ मिली जायला लागली, म्हणजे किलोमागे ७.६. ऑक्सिजन सगळ्यांनी लक्ष ठेवून खाली आणला, दाब मात्र कोणी हलवला नाही. पल्स ऑक्सिमीटर ओरडतो म्हणून ऑक्सिजन कमी केला जातो. जास्त हवा जाते आहे हे सांगणारा आवाज त्या यंत्रावर लावलेला नव्हता.

नोंदवहीत ‘टायडल व्हॉल्यूम’च्या (एका श्वासातल्या हवेच्या) रकान्यात सिस्टरांनी १०:१५ ला ५.२, १०:३० ला ६.६ आणि १०:४५ ला ७.० लिहिले होते. नोंद अचूक होती. पण आकडा मिलीत होता आणि वाचणारे तो किलोमागचा समजले. ज्यांच्या लक्षात आले की तो मिलीत आहे, त्यांनाही ७ मिली म्हणजे चमचाभर हवा, फारशी वाटली नाही. ९२० ग्रॅमच्या बाळात मिली आणि मिली प्रति किलो हे आकडे इतके जवळ असतात की गफलत दिसतही नाही.

मेंदूला फटका दोन्ही बाजूंनी बसला. वाहिन्या आकसल्याने रक्त कमी पोचले. रक्त अल्कधर्मी झाल्याने, आणि त्यात हिमोग्लोबिन गर्भावस्थेतले, त्यामुळे पोचलेल्या रक्तानेही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवला. म्हणजे निर्सवर ५२ दिसत असताना ऊतीची प्रत्यक्ष उपासमार त्या आकड्याहून थोडी जास्तच असणार.

दुसरी निर्णायक जागा: १७ मिनिटे

कारण सापडले तरी एक गोष्ट बसत नव्हती. पुरवठा तुटल्याने एईईजी दबला असेल तर निर्स आधी पडायला हवा होता. पडद्यांवर उलटा क्रम कसा?

उत्तर एईईजीच्या पट्टीवरच होते. सरफॅक्टंट देताना बाळाला हाताळले होते, त्या हालचालीचा जाड खडबडीत डाग आणि त्यामागचा सात-आठ मिनिटांचा दबलेला भाग ९:४८ पासून दिसत होता. सरफॅक्टंट तर १०:०५ ला दिले होते. एईईजीचे घड्याळ १७ मिनिटे मागे होते.

वेळा दुरुस्त केल्यावर क्रम सरळ झाला. निर्सची घसरण १०:२२, एईईजी विरळ होण्याची सुरुवात १०:३६. आधी रक्त, १४ मिनिटांनी विद्युत. सरफॅक्टंटचा तात्पुरता दाब त्याआधीच येऊन गेला होता आणि १०:१६ च्या सुमारास लय पूर्ववत झाली होती.

तासाला ६ सेंटिमीटरच्या पट्टीवर १७ मिनिटे म्हणजे दीड-पावणेदोन सेंटिमीटर. डोळ्याला ते खटकत नाही. प्रत्येक यंत्राचे घड्याळ वेगळे चालते, वीज गेल्यावर काही यंत्रे मागे पडतात, सर्व्हिसिंगनंतर कोणी वेळ लावलेली नसते. एकेक यंत्र स्वतंत्र वाचले तर काही बिघडत नाही. दोन रेघांमधला कार्यकारणभाव शोधायला बसलो की तेवढ्याने निदान उलटते.

काय केले

११:०८ ला व्हेंटिलेटर व्हॉल्यूम गॅरंटीवर टाकला, म्हणजे दाबाऐवजी प्रत्येक श्वासातली हवा ठरवून देणाऱ्या मोडवर. लक्ष्य किलोमागे ४.५ मिली, म्हणजे ४.१ मिली. वरच्या दाबाची मर्यादा १८ ठेवली, श्वास मिनिटाला ५० वरून ४०. यंत्राने काही मिनिटांत आपणहून दाब ११-१२ वर आणला. नळीभोवतीची गळती १५ टक्क्यांच्या आत होती. ती ४०-५० टक्क्यांवर असती तर हा मोड भरवशाचा राहिला नसता.

कार्बन डायऑक्साइड झटक्यात वर आणायचा नाही, हे मुद्दाम ठरवले होते. आकसलेल्या वाहिन्या एकदम उघडल्या तर जर्मिनल मॅट्रिक्स या अपुऱ्या दिवसांच्या मेंदूतल्या नाजूक भागाच्या पातळ वाहिन्यांत रक्ताचा लोंढा येतो आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. दोनेक तासांत ४० ते ४५ हे लक्ष्य धरले. त्वचेवरून कार्बन डायऑक्साइड मोजणारा प्रोब ४१ अंशांवर लावला आणि एबीजीशी जुळवून घेतला. दर तीन तासांनी जागा बदलली, कारण २७ आठवड्यांची त्वचा लगेच भाजते.

११:४५ ला कार्बन डायऑक्साइड ३५, १ वाजता ४३. निर्स ११:४० ला ६५ वर, साडेबाराला ७० वर आणि उचल ०.२४. एईईजीची लय पूर्ववत व्हायला १:२० झाले. उतरताना विद्युत मागे होती, चढतानाही मागेच राहिली. त्या मधल्या पन्नास मिनिटांत ‘निर्स सुधारला, मग एईईजी का नाही’ म्हणून नव्याने औषधे सुरू करण्याचा मोह होतो. इथे तो टाळला गेला, कारण दिशा योग्य होती आणि झुबके दर दहा मिनिटांनी थोडे जवळ येत होते.

निर्स ६५ च्या खाली एकूण ७२ मिनिटे होता, सरासरी ७ अंकांनी. खोली गुणिले वेळ केले तर भार साधारण ८ टक्के-तास होतो.

आईवडिलांना त्याच दुपारी सांगितले. वडिलांनी विचारले, “डॉक्टर, कपाळाची पट्टी लाल दिवा मारते, त्याने त्रास होत नाही ना?” त्यांना समजावले, “उजेडाने दुखत नाही. मेंदूला ऑक्सिजन किती पोचतो ते त्यातून कळतं. सकाळी तासभर तो कमी झाला होता, कारण मशीनने दिलेला श्वास गरजेपेक्षा मोठा होत होता. तुमच्या बाळाचा श्वास आता बेताचा केला आहे.” ‘कमी झाला होता’ हे वाक्य गाळले नाही.

पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी नळी काढून बाळ पुन्हा सीपॅपवर गेले. पहिल्या संध्याकाळची डोक्याची सोनोग्राफी निर्दोष होती. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला पहिल्या श्रेणीचा छोटा रक्तस्राव दिसला, सातव्या दिवशी तो वाढलेला नव्हता. पूर्ण दिवसांच्या वयाला मेंदूच्या पांढऱ्या भागात पोकळ्या दिसल्या नाहीत. दुरुस्त वयाच्या (मूळ अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेल्या) तीन महिन्यांना हातापायांच्या बारीक, सर्व दिशांच्या हालचाली अपेक्षेप्रमाणे होत्या. तो छोटा रक्तस्राव या ७२ मिनिटांमुळे झाला की त्यांच्याशिवायही झाला असता, हे एका बाळावरून ठरत नाही. पाठपुरावा दोन वर्षांपर्यंत ठेवला आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी सुधारणा निर्सशी संबंधितच नाही. सरफॅक्टंट देण्यापूर्वीच व्हॉल्यूम गॅरंटी सुरू असती तर फुप्फुस मऊ होताच दाब आपोआप उतरला असता. दाबाचा मोड वापरायचाच असेल तर सरफॅक्टंटनंतर पहिला तास दर पाच-दहा मिनिटांनी किलोमागची हवा पाहून दाब उतरवावा आणि २० ते ३० मिनिटांत एबीजी करावा. इथे तो ५७ मिनिटांनी झाला, तोही अलार्ममुळे. आता त्या विभागाच्या नोंदवहीत मिली प्रति किलोचाच रकाना आहे.

अलार्मच्या ५५ या आकड्याबद्दल. युरोपातल्या सेफबूस्क-२ या निर्सवरच्या चाचणीत १६६ बाळांसाठी ५५ ते ८५ हा पट्टा वापरला होता आणि तो प्रौढांच्या सेन्सरवर आधारलेला होता. नवजात सेन्सर त्याच मेंदूवर साधारण १० अंक जास्त दाखवतो. म्हणजे इथे अलार्म ६५ च्या आसपास हवा होता आणि तो १०:४८ ऐवजी १०:२८ ला वाजला असता. यंत्र आणि सेन्सर यांची जोडी बदलली की हा आकडा बदलतो, म्हणून तो पलंगाच्या पाटीवर सेन्सरच्या नावासह लिहावा.

घड्याळे दर पाळीच्या सुरुवातीला एकाच घड्याळाशी जुळवायची. हे काम कोणाचे, ते नावाने ठरलेले असावे. त्यावरही एक खात्रीचा उपाय आहे: औषध, सक्शन, नळी, कूस बदलणे, प्रत्येक वेळी दोन्ही यंत्रांवरचे खूण करण्याचे बटण एकदम दाबायचे. एवढे केले असते तर ९:४८ चा डाग लगेच ओळखू आला असता.

या जोडणीची मर्यादाही सांगायला हवी. निर्स कपाळामागचा मेंदूचा छोटा तुकडा पाहतो, एईईजी मध्य आणि मागच्या भागाचे ऐकतो. सगळ्या मेंदूवर परिणाम करणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या कारणात ते एकमेकांशी बोलतात. एका बाजूच्या रक्तस्रावात बोलतीलच असे नाही. शिवाय एकेका झुबक्यामागे काही सेकंदांत रक्तप्रवाह कसा बदलतो, हे संशोधनाच्या उपकरणांतून पाहता येते, आणि अपुऱ्या दिवसांच्या मेंदूत ती प्रतिक्रिया प्रौढांसारखी असतेच असेही नाही. पलंगाशेजारच्या सरासरी काढणाऱ्या यंत्रांवर मिनिटांच्या मापानेच वाचावे.

पुढच्या सेफबूस्क-३ चाचणीत २८ आठवड्यांखालची १६०१ बाळे दोन गटांत विभागली आणि त्यांतल्या एका गटावर पहिले ७२ तास निर्सवरून उपचार केले. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा त्या गटात ३५.२ टक्के, नेहमीच्या काळजीच्या गटात ३४.० टक्के होती. फायदा दिसला नाही. त्यामुळे प्रत्येक लहान बाळाला हे यंत्र लावलेच पाहिजे, असा या प्रकरणाचा दावा नाही. ज्या विभागाकडे व्हॉल्यूम गॅरंटी आणि वेळेवर एबीजी यांची शिस्त नाही, त्याने पैसे आधी तिथे घालावेत. सेन्सर एकदाच वापरायचे आणि महाग असतात, आणि त्या पैशात बरेच एबीजी होतात. यंत्र आधीच लावलेले असेल तर मात्र निर्सचा आकडा एकटा लिहू नये. त्या विभागात आता तासाच्या नोंदीत चार आकडे एका ओळीत येतात: पल्स ऑक्सिमीटर, निर्स, उचल आणि दोन झुबक्यांमधली सर्वांत लांब शांतता. शेजारी किलोमागची हवा.